ग चा व

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या घरावरून गेलं. अर्धी कौलं उडाली. वाडीतल्या पडलेल्या पोफळी मोजायला नवऱ्याने सुरुवात केली आणि सोडून दिली. उभ्या राहिलेल्या मोजणं सोपं होतं. चौथ्या दिवशी ऊन पडलं तसं घरातलं सगळं ओलं आम्ही खळ्यात आणून पसरलं. एरवी जिथे सुपारी वाळत घालतो तिथे गाद्या, पोथ्या, सातबारे, मुलांची प्रगतिपुस्तकं. त्यात एक दोनशेपानी वही होती, पाणी पिऊन फुगलेली.

वही माझीच. निवृत्तीआधी मी आमच्या कार्यालयातल्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष होते, त्या बैठकांची कच्ची टिपणं तिच्यात होती. बॉलपेनने लिहिलेली, म्हणून अक्षर शाबूत. एकेक पान सुटं करून दगडाखाली ठेवत होते. शिपायाच्या जबानीच्या पानावर हात थांबला. त्याच्या तोंडचं मी जसंच्या तसं लिहून घेतलं होतं: ‘मी दारात होतो. साहेबांचा हात मॅडमच्या खांद्याला लागला.’

लागला.

समितीच्या अहवालात हे वाक्य असं नव्हतं. अहवाल मीच लिहिला होता आणि तो मला जवळजवळ पाठ होता. त्यात होतं, ‘हात मॅडमच्या खांद्याला लावला’. एका अक्षराचा फरक. लागला तो चुकून, लावला तो ठरवून. मराठीत हात लागणं आणि हात लावणं यांत जेवढं अंतर आहे तेवढ्यावर एका माणसाची नोकरी, अब्रू आणि एका बाईची तक्रार उभी होती. ते अंतर मी एका रात्रीत, घरच्या टेबलावर, पक्की प्रत उतरवताना मिटवून टाकलं होतं.

आमच्या श्रीवर्धनच्या माणसाला ‘ध चा मा’ सांगावा लागत नाही. बाळाजी विश्वनाथ भट इथले. १७१३ साली पेशवे झाले. त्यांच्याच वंशातला नारायणराव साठ वर्षांनी, १७७३ च्या ऑगस्टात, शनिवारवाड्यात मारला गेला. चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं अशी आख्यायिका. खरी असेल, नसेल. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. आनंदीबाईंचं म्हणणं कुणी रीतसर ऐकून घेतलं असं माझ्या तरी वाचनात नाही, आणि तरी त्यांचा गुन्हा आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसला आहे. शाळेत ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून हा वाक्प्रचार मी कितीदा लिहिला असेल. पुढे आयुष्यात उपयोगही केला.

आधी एक सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अशा प्रकरणातली तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो, साक्षीदार, यांतल्या कुणाचीही ओळख पटेल असं लिहायला बंदी आहे. म्हणून कार्यालय कुठलं ते सांगत नाही, प्रकरणाचं साल सांगत नाही, हुद्दे आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. मी जे केलं ते मात्र बदललेलं नाही.

तक्रार एका मुलीची होती. मुलगी म्हणते आहे, पण ती सव्वीस वर्षांची, पदवीधर, स्वतःच्या हिमतीवर परगावाहून येऊन इथे खोली घेऊन राहणारी बाई होती. मी तिला पहिल्या दिवसापासून मनात ‘पोर’ म्हणत आले, आणि त्यातच माझ्या चुकीचं बी असावं. पोरीला सांभाळायचं असतं. तक्रारदाराचं ऐकायचं असतं, तिला प्रश्न विचारायचे असतात. सांभाळण्याच्या भरात विचारणं राहून गेलं. तिचं म्हणणं असं: वरिष्ठ सहकारी रात्री उशिरा मोबाइलवर संदेश पाठवतात, त्यांतले काही सभ्य नाहीत, आणि एका दुपारी दप्तरखान्यात त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला, ती सरकली तरी काढला नाही.

पहिल्या बैठकीला ते गृहस्थ समोर येऊन बसले. पन्नाशी ओलांडलेले, गावातलेच, तीस वर्षांची ओळख. बसल्या बसल्या त्यांनी सवयीने डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरवला. हातात तंबाखू नव्हती, नुसती लकब. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं वही सापडल्यावर, कितीतरी रात्री जागून. १९८४ साली, पहिल्या नोकरीत, दुसऱ्या गावी, माझा एक वरिष्ठ होता. तंबाखू मळता मळता तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. पुढचं लिहीत नाही. सांगायला जागा नव्हती. अशा छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल यायला अजून तेरा वर्षं होती. आईला सांगितलं असतं तर नोकरी सुटली असती, म्हणून आईलाही नाही. तो माणूस यथावकाश निवृत्त झाला, निरोप समारंभात त्याच्यावर भाषणं झाली, मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या हाताला अजून आहेत. तर त्या दिवशी समितीच्या खोलीत माझ्यासमोर खुर्चीवर कोण बसलं होतं? मी कुणाची चौकशी करत होते? तक्रार एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा हिशेब होता. सगळ्यांत वाईट हे की तो हिशेब मांडताना मला फार न्यायी वाटत होतं.

आता काय काय केलं ते ओळीने सांगितलं पाहिजे.

त्यांनी तक्रारीची प्रत मागितली. मी म्हटलं, गोपनीय आहे, वाचून दाखवते. वाचून दाखवली, तीही भरभर. नियम सांगतो की तक्रार आल्यापासून कामाच्या सात दिवसांत तिची प्रत ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला पाठवायची, आणि ती मिळाल्यापासून कामाचे दहा दिवस त्याला लेखी उत्तरासाठी, कागदपत्रांसाठी, साक्षीदारांची नावं देण्यासाठी मिळतात. मी त्यांना दोन दिवस दिले. दोन दिवसांत त्यांनी चार पानं हाताने लिहून आणली. समितीतल्या आम्ही पाच जणांनी ती पानं एकमेकांकडे फिरवली. मी पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं. मधली दोन मी अपिलानंतर वाचली.

मधल्या पानांत होतं ते असं. शिपायाला चार प्रश्न विचारायची त्यांना परवानगी हवी होती. समोरासमोर नको असेल तर समितीनेच विचारावेत, असंही नम्रपणे लिहिलेलं. पहिला प्रश्न: तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला उभे होता? दप्तरखान्याचं दार आत उघडतं. ते उघडं असलं की भिंतीकडचं कपाट त्याच्याआड जातं, बाहेरून दिसत नाही. एकतीस वर्षं मी त्या इमारतीत काम केलं, त्या कपाटातून हजार वेळा गठ्ठे काढले. मला हे माहीत नव्हतं असं मी देवासमोर म्हणू शकत नाही. प्रश्न न वाचल्यामुळे मला ते आठवावं लागलं नाही, एवढंच.

आणि गोपनीयता. प्रत द्यायला नको म्हणून जिचा आधार घेतला ती. तक्रार आली त्याच आठवड्यात मागीलदारी सुपारी सोलत बसलो असताना मी जाऊबाईंना म्हटलं, ‘आमच्याकडे एक प्रकरण आलंय, कुठे बोलू नका हं.’ नाव मी घेतलं नाही, पण एवढ्याशा गावात नाव घ्यावं लागत नाही. चौथ्या दिवशी जीवना बंदरावर मासळी घेताना कोळीण म्हणाली, ‘काय गो बाई, तुमच्या हाफिसात कायतरी झालंय म्हणं?’ गोपनीयता मोडणाऱ्याला नियमात पाच हजार रुपये दंड आहे. मला कुणी केला नाही. संक्रांतीचे दिवस होते. त्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला त्या गृहस्थांच्या पत्नी आल्या नाहीत. मी बोलावलंच नव्हतं. त्या बाईंवर कसली तक्रार होती?

कायदा चौकशीला नव्वद दिवस देतो. आम्ही एकोणीस दिवसांत संपवली. कार्यालयाचे मोठे साहेब म्हणाले होते, मार्चअखेरच्या गडबडीआधी मिटवून टाका. ‘मिटवून टाका’ याचा अर्थ आम्ही ‘निकालात काढा’ असा घेतला. निष्कर्ष दोघांना दाखवून त्यांवर म्हणणं मांडू द्यायचं असतं. आम्ही शिफारशीसकट अहवाल थेट वर पाठवला. आणि बैठकीनंतर एकमेकींना म्हटलं, किती लवकर न्याय दिला आपण.

अहवाल लिहिला त्या रात्रीबद्दल मी स्वतःला खूप खोदून विचारलं आहे. चुकून झालं, असं म्हणायची सोय आहे. वीज गेली होती, डोळे दुखत होते, ग आणि व घाईत सारखेच दिसतात. वहीवरून अहवालाची अकरा पानं मी अक्षर अक्षर ताडून पाहिली. बाकी एकही शब्द बदललेला नाही. शिपायाने ‘बघितला’ म्हटलेलं तसंच ठेवलं आहे, ‘पाहिला’सुद्धा केलं नाही. चूक आंधळी असती तर कुठेही पडली असती. ती नेमकी त्याच अक्षरावर पडली जिथे मला ती हवी होती. म्हणजे मी जाणूनबुजून केलं का? तसंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मला वाटतं, मी त्याचं वाक्य ऐकलंच ‘लावला’ असं. हाताने खरं लिहिलं आणि कानाने खोटं धरून ठेवलं. पक्की प्रत करताना मी वहीतून न उतरवता कानातून उतरवलं. शिपायाची सही कच्च्या पानावर घेतलेली नव्हती, पक्क्या प्रतीवर घेतली. त्याने न वाचता केली. मी वाचून दाखवली नाही.

पुढे व्हायचं ते झालं. शिफारशीप्रमाणे दोन वेतनवाढी रोखल्या, बदली झाली. कायद्याने शिफारशीपासून नव्वद दिवसांत अपील करता येतं, ते त्यांनी केलं. अपिलात आमचा अहवाल टिकला नाही. आदेश जेमतेम तीन पानांचा होता. आरोप खरे की खोटे यावर त्यात अक्षरही नव्हतं. तक्रारीची प्रत दिली नाही, उत्तराला मुदत दिली नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, निष्कर्ष दाखवले नाहीत. सबब चौकशी नव्याने करा. एवढंच.

त्या रात्री मी हा कायदा पहिल्यांदा पूर्ण वाचला. २०१३ चा कायदा, त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू. पुस्तिका माझ्याच टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं होती. सुरुवातीला अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने: समितीपुढे कुठल्याच बाजूला वकील आणता येत नाही. हे बरोबरच आहे, नाहीतर गरीब बाईसमोर पैसेवाल्याचा वकील उभा राहील. पण मग त्या खोलीत आरोप झालेल्या माणसाचे हक्क सांभाळणारं कोण उरतं? समितीच. म्हणजे मीच. त्याच्या बाजूचं जे काही विचारायचं ते मीच विचारायला हवं होतं, आणि मी तर त्याच्या लकबीशी भांडत बसले होते.

या समितीच्या हातात इतकं बळ आलं कुठून, तेही तेव्हाच समजून घेतलं. १९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात, बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयात आरोपी सुटले. त्या बलात्कारानंतर उभ्या राहिलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. निकाल आला तरी समित्या होईनात. तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले आणि आणखी काही जणींनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्राचीच याचिका झाली. २००४ साली त्याच प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की तक्रार समितीचा अहवाल हीच शिस्तभंगाची चौकशी धरायची, पुन्हा वेगळी खातेनिहाय चौकशी नको. बाईला तीच गोष्ट दोनदा, चारदा सांगावी लागू नये हा हेतू. हे वाचून मी पुस्तिका मिटली. दुसरी चौकशी नाही, याचा अर्थ त्या माणसाला जे काही मांडायचं ते मांडण्याची जागा एकच, आमची खोली. पुण्याच्या बायकांनी भांडून आणलेलं बळ आमच्या हातात आलं आणि आम्ही ते मार्चअखेरला बांधलं.

या बळावर तक्रारदाराला झाकायलाही वाव आहे. १९७३ साली रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुलींच्या वसतिगृहात रात्री मुलगे घुसले, मुलींच्या जबान्या त्या मुलग्यांच्या अपरोक्ष घेतल्या गेल्या; न्यायालयाने ते चालवून घेतलं, कारण समोरासमोर उलटतपासणीच्या धाकाने कुठलीच मुलगी बोलली नसती. पण आरोप काय आणि पुरावा काय ते त्या मुलग्यांना सांगितलेलं होतं, त्यांना उत्तर द्यायची संधी दिली होती. बाईचा चेहरा झाकता येतो, आरोप झाकता येत नाही. मी उलटं केलं. तिचा चेहरा गावभर झाला आणि आरोपाचा कागद कुलपात राहिला.

नव्याने चौकशी लागली तेव्हा ती मुलगी नोकरी सोडून पनवेलकडे गेली होती. तिला पत्र गेलं. तिने कळवलं, मला पुन्हा सगळं सांगायचं नाही. तिच्या मोबाइलमधले संदेश हा तिचा खरा पुरावा होता. पण प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात आम्ही त्यांच्या छापील प्रती काढून, तारीख-वेळ टिपून, सह्या करून घेतल्याच नव्हत्या. नुसते पाहिले, च्च् च्च् केलं आणि मोबाइल परत दिला. दरम्यान तो मोबाइल मोडला होता. प्रकरण ‘सिद्ध होत नाही’ म्हणून बंद झालं. एसटी स्टँडवरच्या टपरीवर लोक म्हणाले, ‘बघा, खोटीच तक्रार होती.’ कायदा असं म्हणत नाही. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. दुष्ट हेतू असला तर तो वेगळा, चौकशी करून सिद्ध करावा लागतो. टपरीवर कलम १४ कोण वाचणार. पण त्या लोकांवर चिडायचा मला तरी काय अधिकार? त्यांच्या तोंडी ते वाक्य मीच दिलं होतं.

२०२३ च्या मे महिन्यात गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या प्रकरणाचा निकाल वर्तमानपत्रात आला. तो खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. मी नाव लिहीत नाही, कारण निकालाने चौकशी पुन्हा मागे नेली होती आणि मधल्या अवस्थेतल्या माणसाचं नाव घेण्याची हौस मला आता उरलेली नाही. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या. समितीने त्या मे महिन्यात बारा सुनावण्या, बहुतेक लागोपाठ, उरकल्या. एकीकडे नव्या जबान्या त्या प्राध्यापकाकडे धाडत होते, दुसरीकडे त्याच आठवड्यात उलटतपासणीला तयार होऊन या म्हणत होते. आजारपणाचं कारण देऊन त्याने मुदत मागितली, ती मिळाली नाही. चौकशी एकतर्फी पुरी झाली, २०१० साली तो बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती बोपण्णा आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी, बडतर्फी रद्द केली आणि समितीला सांगितलं, मे २००९ मध्ये जिथे चुकलात तिथून पुन्हा सुरू करा, तीन महिन्यांत संपवा. तो निर्दोष आहे असं म्हटलं नाही. लगेच कामावर घ्या असंही नाही.

लोकांनी वाचलं, ‘प्राध्यापक सुटला’. मी वाचलं, चौदा वर्षं. २००९ साली वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या त्या मुली पस्तिशीच्या झाल्या असतील, आणि त्यांना पुन्हा बोलवायचं, त्याच महिन्यापासून. काही आठवडे वाचवायला गेलं आणि चौदा वर्षं गेली. माझे सासरे सुपारीचा सौदा करताना व्यापारी अडकित्ता काढेपर्यंत भाव बोलत नसत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नामांकित, नावावरच विकली गेली असती. ते म्हणत, कापून बघू दे त्याला, म्हणजे उद्या माल परत येणार नाही. मला हे घरात चाळीस वर्षं दिसत होतं.

तो निकाल वाचल्यावर मी त्या मुलीचा नंबर मिळवला. तीन दिवस लावला नाही. मग लावला, आणि वहीचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा फोन ठेवेल. ती म्हणाली, ‘मॅडम, शिपाईकाकांनी लागलाही बघितला नव्हता आणि लावलाही नाही. ते मागून आले, मी बाहेर पडताना. त्या दारातून काही दिसतच नाही. मला वाटलं ते माझ्या बाजूने बोलतील म्हणून मी गप्प राहिले.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्यांना माझ्यासमोर चार प्रश्न विचारले असते ना, तर तेव्हाच कळलं असतं. मग तुम्ही माझे मेसेज नीट बघितले असतेत.’

त्या गृहस्थांनी मागितलेले तेच चार प्रश्न. ज्याच्यावर आरोप होता त्याला ते हवे होते, जिने आरोप केला तिला ते हवे होते. नको होते ते फक्त मला.

मग मी त्यांच्याकडे गेले. संध्याकाळची वेळ, ते ओटीवर एकटे. निवृत्त झाले आहेत. वही उघडून पान पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. मला काय अपेक्षित होतं कोण जाणे. बहुधा त्यांनी संतापावं, म्हणजे माझं थोडं फिटेल. ते म्हणाले, ‘बाई, लागला की लावला, हे तुम्ही शिपायाला विचारलंत. लिहिलंत, बदललंत. मला कुठे विचारलंत?’

खरंच विचारलं नव्हतं. एकोणीस दिवसांत एकदाही नाही. आम्ही त्यांना विचारलं होतं, ‘तुम्हाला काही सांगायचंय का?’ आणि घड्याळाकडे पाहिलं होतं. आता विचारावं असं ओठांवर आलं. विचारलं नाही. तो अधिकार मला चौकशीच्या खोलीत होता, त्यांच्या ओटीवर नव्हता. आतून त्यांच्या पत्नीने चहा विचारला नाही. ते योग्यच होतं. वहीची ती पानं मी त्यांना छायाप्रत करून दिली, कितीतरी वर्षं उशिरा. एक संच त्या मुलीला पोस्टाने पाठवला. एक कार्यालयात, सोबत माझं सहीनिशी पत्र, की अहवालातलं अमुक वाक्य जबानीशी जुळत नाही आणि तो फेर माझ्या हातचा आहे. कार्यालयाने पोच दिली. पुढे काही झालेलं नाही.

तिच्या बाजूने त्या संदेशांत काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि माझ्या मनाने मी आजही तिच्या बाजूला आहे. पण माझं मन कुठल्या बाजूला आहे याला त्या खोलीत किती किंमत असायला हवी होती, हे मला आता माहीत आहे. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कुठली गोष्ट अधिक संभवनीय दिसते एवढंच तोलायचं असतं. तराजू इतका हलका असतो म्हणून त्यावर बोट टेकलं की लगेच कळतं. फक्त बोट ज्याचं असतं त्याला कळत नाही.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका कार्यालयाने मला समितीवर बाहेरची सदस्य म्हणून येण्याचं विचारलं. ‘तुमचा अनुभव आहे’ असं पत्रात होतं. मी नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. मी तेही लिहून दिलं आणि खाली सही करण्याआधी कच्च्या कागदाशी ताडून पाहिलं.